जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन मधूनमधून दम सोडते : दोष कसा शोधावा?

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील काळ्या, भारी जमिनीत मशागतीचा काळ फार मोजका असतो. पाऊस उघडल्यावर जमीन वाफशावर येते आणि थोड्याच दिवसांत वाफसा उडून जाऊन नांगराला ढेकळे लागू लागतात. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा किंवा रब्बी ज्वारी पेरावयाची असते, तेव्हा तर एकेका दिवसाला मोल असते. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टरचे इंजिन चालता चालता दम सोडू लागले, तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

पूर्णपणे बंद पडलेल्या इंजिनातील दोष शोधणे त्या मानाने सोपे असते. परंतु एक तास ठीक चालून पाच मिनिटे धापा टाकणारे आणि थोड्या विश्रांतीने पुन्हा ठीक होणारे इंजिन चांगल्या मेस्त्रीलाही चकविते. मेस्त्री शेतावर येतो तेव्हा ते सुरळीत चालत असते. मग अंदाजाने एक एक भाग बदलला जातो. आधी नोझले, मग डिझेल पंप, आणि अखेर इंजिन खोलण्यापर्यंत पाळी येते. एवढे करूनही दोष जागच्या जागी राहतो आणि पेरणीचे दिवस मात्र निघून जातात. हा तोटा टाळावयाचा असेल तर दोष शोधण्याची एक ठरावीक पद्धत अंगी बाणली पाहिजे. ती या पाठात सांगितली आहे.

भारतात ट्रॅक्टर बनविण्यास १९५९ साली आयशर कंपनीने फरीदाबाद येथे प्रारंभ केला. पुढे महिंद्र, १९७१ मध्ये एच. एम. टी. व १९७४ मध्ये स्वराज या नावांचे ट्रॅक्टर बाजारात येऊ लागले. त्यानंतरच्या दशकांत बनलेली, विजेच्या नियंत्रणाशिवाय केवळ यांत्रिक डिझेल पंपावर चालणारी अनेक यंत्रे आजही गावोगाव कामावर आहेत. हा पाठ अशा जुन्या यंत्रांसाठी आहे. ज्या नव्या ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतो, त्यांच्या नळ्यांत अतिशय प्रचंड दाब असतो. त्यांचे नट घरच्या घरी सैल करू नयेत.

इंजिनाला काय लागते?

डिझेल इंजिनाला चार गोष्टी लागतात : पुरेशी स्वच्छ हवा, योग्य वेळी योग्य प्रमाणात डिझेल, ती हवा दाबून तापविण्याइतका सिलिंडरमधील दाब, आणि जळालेला धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली गेली म्हणजे ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली की शक्ती घटते. दोष मधूनमधून येतो याचा अर्थ एवढाच, की चारांपैकी एखादी गोष्ट काही ठरावीक परिस्थितीतच कमी पडते. ती परिस्थिती ओळखणे हे अर्धे काम होय.

दोष खरोखर इंजिनाचा आहे काय?

प्रथम हे ठरवावे. ट्रॅक्टरची चाल मंदावते, पण इंजिनाचा आवाज मात्र चढतो, असे असल्यास इंजिन निर्दोष असून क्लच घसरत आहे असे समजावे. काम थांबविल्यावर एका चाकाचा ब्रेक-ड्रम हात लावू देत नाही इतका तापलेला असेल, तर ब्रेक धरून राहतो आहे. ओल्या काळ्या मातीत चाके फिरून घसरतात किंवा नांगर गरजेपेक्षा खोल जातो, तेव्हाही शक्ती कमी पडल्याचा भास होतो. ओझे वाढताच इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गव्हर्नरने सावरूनही वर येत नाही, तेव्हाच तो इंजिनाचा दोष मानावा.

दोषाची नोंद

एक साधी वही घ्यावी आणि दोष जेव्हा जेव्हा येईल तेव्हा पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात :

१. इंजिन सुरू केल्यापासून किती वेळाने दोष आला?
२. त्या वेळी काम कोणते होते? नांगरणी, मळणी, की रस्त्यावरची वाहतूक?
३. टाकीत डिझेल किती होते? ट्रॅक्टर चढावर होता की उतारावर?
४. इंजिन किती तापले होते?
५. धूर वाढला की कमी झाला? त्याचा रंग कोणता होता?
६. शक्ती हळूहळू गेली की एकदम?
७. काय केल्यावर आणि किती वेळाने इंजिन पूर्ववत झाले?

चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून दोषाचा स्वभाव दिसू लागतो. मेस्त्रीलाही पाना हाती घेण्यापूर्वी ही वही दाखवावी. ‘कधी कधी बंद पडते’ या एका वाक्यावर त्याला फारसे काही करता येत नाही.

धुरावरून अनुमान

ओझे पडले असता काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते, डिझेल अधिक जाते, अथवा इंजिनावर शक्तीपेक्षा जास्त ओझे आहे. निळसर धूर हा वंगणाचे ऑईल जळत असल्याची खूण होय. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. इंजिन तापल्यावरही तो सतत येत राहिला व रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावे. परंतु शक्ती जाताना धूर उलट विरळ होत असेल, किंवा अधूनमधून पांढरे भपकारे येऊन इंजिन मिसिंग करू लागले, तर डिझेलचा पुरवठा तुटत आहे असे धरून चालावे. मधूनमधून येणाऱ्या दोषात हेच कारण पुष्कळदा आढळते, म्हणून तपासणीचा आरंभ येथूनच करावा.

डिझेलचा मार्ग क्रमाक्रमाने तपासावा

टाकीपासून पंपापर्यंत ज्या क्रमाने डिझेल जाते त्याच क्रमाने तपासणी करावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष कशाने गेला हे कळत नाही.

टाकीचे झाकण : झाकणाला बारीक छिद्र असते. डिझेल जसजसे खर्च होते तसतशी त्यातून हवा आत येते. धुळीने, मातीने, किंवा कुंभारीण माशीच्या घरट्याने हे छिद्र बुजल्यास टाकीत पोकळी होऊन डिझेल ओढले जात नाही. दोष येताक्षणी झाकण सैल करावे. आत हवा शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला आणि इंजिन लवकरच सावरले, तर दोष सापडला. छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. ही परीक्षा बिनखर्चाची आहे, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

टाकीतील कचरा : गंजाचा पापुद्रा, चिंधी, किंवा प्लास्टिकचा तुकडा टाकीत तरंगत असतो. ओझ्याच्या कामात डिझेल वेगाने ओढले जाते, तेव्हा तो येऊन टाकीच्या तोंडाशी चिकटतो. इंजिन बंद केले की ओढ थांबते व तुकडा सुटून दूर जातो. म्हणूनच दहा मिनिटांनी इंजिन जणू काही झालेच नव्हते असे चालू लागते. अशा वेळी टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडून डिझेल भांड्यात धरावे. टाकी पंपाहून उंच असेल तर धार अखंड व सारख्या जाडीची पडली पाहिजे. ती बारीक होत गेल्यास टाकी रिकामी करून धुवावी.

नळीत शिरणारी हवा : टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते. तेथील सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून ‘कोठेही गळत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. सांध्याभोवती ओलसर धूळ चिकटली असल्यास तेथे संशय घ्यावा. तडा गेलेली रबरी नळी, गाळणीच्या काचेच्या वाटीखालचे वाळलेले पॅकिंग आणि तांब्याचे जुने वायसर ही हवा शिरण्याची नेहमीची ठिकाणे होत. तांब्याचा वायसर वापरून कडक होतो. नवा न मिळाल्यास तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविला असता पुन्हा मऊ होतो. नळीत हवा आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे असल्यास फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडावा. बुडबुडे दिसल्यास दोष त्या जागेच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूस आहे.

फीड पंप व फिल्टर : फिल्टरखालचा स्क्रू सोडून साचलेले पाणी काढून टाकावे. फिल्टर किती तासांनी बदलावयाचे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधून हलक्या कामापुरते डिझेल जाते, नांगरणीला मात्र पुरत नाही. फीड पंपाच्या हात-दांड्याला जोर लागत नसेल तर इंजिन थोडेसे फिरवून पुन्हा पाहावे. तरीही जोर लागला नाही तर पंपाचा पडदा अथवा झडपा तपासाव्यात.

हवा काढणे : फिल्टर किंवा नळी खोलल्यानंतर हवा काढणे आवश्यक असते. आधी फिल्टरचा, मग डिझेल पंपाचा स्क्रू सैल करून हात-दांडा मारावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागले म्हणजे ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा. एकदा नीट काढलेली हवा पुन्हा पुन्हा साठत असेल, तर हवा काढीत बसू नये, ती शिरते कोठून ते शोधावे.

वेगळ्या डब्याची परीक्षा

वरील तपासणीने उलगडा न झाल्यास ही परीक्षा करावी. ट्रॅक्टर एका जागी उभा करून ब्रेक लावावा व चाकांना दगड लावावेत. मागील शाफ्टवर विहिरीचा पंप किंवा मळणी यंत्र जोडावे, म्हणजे इंजिनावर ओझे पडेल. फिरत्या शाफ्टवर आच्छादन असलेच पाहिजे. नंतर टाकीची नळी सोडून, स्वच्छ डिझेलने भरलेल्या डब्यातून दुसऱ्या स्वच्छ नळीने फीड पंपाला डिझेल द्यावे. डबा पंपाहून उंच, भक्कम बांधलेला, आणि सायलेन्सरपासून दूर असावा. जवळ वाळूची बादली ठेवावी व विडी-काडी ओढू देऊ नये. डबा बांधून ट्रॅक्टर चालविणे धोक्याचे आहे, ते कदापि करू नये.

नोंदवहीप्रमाणे दोष जितक्या वेळाने येत असे त्याच्या दुप्पट वेळ इंजिन ओझ्यावर चालवावे. दोष आला नाही तर तो टाकीत किंवा टाकीच्या नळीत आहे. दोष आला तर टाकी निर्दोष असून दोष फीड पंपापासून पुढे आहे. या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

हवेचा मार्ग

काळा धूर व घटलेली शक्ती एकत्र आढळल्यास एअर क्लीनर उघडावा. ऑईलच्या वाटीतील एअर क्लीनरमध्ये तळाशी चिखल साचतो. धुळीच्या दिवसांत तो रोज पाहावा व ऑईल खुणेपर्यंतच भरावे. खुणेपेक्षा अधिक भरल्यास ते इंजिनात ओढले जाऊन मोठा अपाय होतो. सोयाबीन, तूर यांच्या मळणीत भुसा जाळीवर चिकटतो, म्हणून दर थोड्या वेळाने जाळी झाडावी. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी बाहेरून धड दिसते, पण तिचा आतील थर सुटला असल्यास वेग वाढताच तो ओढला जाऊन वाट बंद करतो. ती काढून आत बोट फिरवून पाहावी. सायलेन्सर काजळीने किंवा पाखरांच्या घरट्याने तुंबला नाही याचीही खात्री करावी. एअर क्लीनर काढून शेतात इंजिन चालवू नये. काळ्या मातीची धूळ आत गेल्यास पिस्टन-रिंगा व लायनर अल्पावधीत झिजतात.

तापल्यावरच येणारा दोष

थंड असताना जोमाने चालणारे व तापल्यावर मंदावणारे इंजिन असल्यास टॅपेटची फट मोजावी. ती फार कमी असेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि सिलिंडरमधील दाब निसटतो. फट पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकीच ठेवावी. त्याचबरोबर पंख्याचा पट्टा सैल आहे काय, रेडिएटरच्या जाळीत भुसा बसला आहे काय आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात काय हे पाहावे. बुडबुडे येत असल्यास हेड गॅस्केट फुटल्याचा संभव असतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र एकदम उघडू नये.

दांडे व तारा

इंजिन बंद करण्याची तार गंजून अडकली, तर पंपावरील दांडा पूर्ण मागे येत नाही व डिझेल अर्धवटच मिळते. हातरेसचा दांडा हादऱ्याने हळूहळू खाली सरकतो, हेही पुष्कळदा ध्यानात येत नाही. एकाने आसनावरून दांडे पुरते हलवावेत व दुसऱ्याने पंपाजवळ उभे राहून ते शेवटपर्यंत जातात की नाही हे पाहावे.

नोझल व डिझेल पंप सर्वांत शेवटी

वरील सर्व ठीक असूनही इंजिन मिसिंग करीत असेल, तर दोष एका सिलिंडरचा आहे की सर्वांचा, हे कुशल मेस्त्रीकडून तपासून घ्यावे. मंद गतीत एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल केला असता आवाज बदलला पाहिजे. ज्याच्या बाबतीत बदल होत नाही तो सिलिंडर दुबळा होय. या नळ्यांत दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅमहून पुष्कळ अधिक दाब असतो. तेथून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. म्हणून तेथे हात किंवा बोट कधीही धरू नये. तसे घडल्यास जखम क्षुल्लक दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे व डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांना सांगावे. डिझेल पंपाचे सील घरी तोडू नये. त्याची जुळणी तपासणीच्या यंत्रावरच व्हावी लागते.

नमुन्यादाखल एक प्रसंग

वरील पद्धतीने विचार कसा करावा हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर सोयाबीनचे रान हरभऱ्यासाठी तयार करताना पाऊण तासाने दम सोडतो. रस्त्यावर रिकामी ट्रॉली ओढताना काहीच होत नाही. शक्ती जाताना धूर विरळ होतो. दहा मिनिटे थांबले की इंजिन पूर्ववत चालते. फिल्टर नवा बसविला आहे. इंजिन खोलावे लागेल असा सल्ला मिळाला असून त्यासाठी बियाणे व खताचे पैसे मोडावे लागणार आहेत.

आता नोंदी पाहू. आवाज खाली बसतो, म्हणून क्लच नव्हे. धूर विरळ होतो, म्हणून हवा अपुरी नाही, डिझेल अपुरे आहे. रिंगा किंवा लायनर झिजले असते तर दहा मिनिटांच्या विश्रांतीने ते बरे झाले नसते, सबब इंजिन खोलण्याचे कारण नाही. झाकण सैल करूनही फरक पडत नाही. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत नाहीत. वेगळ्या डब्यावर विहिरीचा पंप दोन तास अखंड चालतो. म्हणजे दोष टाकीत किंवा तिच्या नळीत आहे. टाकी रिकामी केल्यावर तळाशी डिझेलच्या कॅनच्या बुचाखालील पातळ प्लास्टिकची चकती सापडते.

या चकतीने सर्व नोंदींचा उलगडा होतो. हलक्या कामात ओढ कमी, म्हणून ती तोंडाशी येत नव्हती. नांगरणीत ती चिकटे, इंजिन थांबताच सुटे. फिल्टरपर्यंत ती पोहोचतच नसल्याने नवा फिल्टर निरुपयोगी ठरला. जे कारण वहीतील प्रत्येक नोंदीचा खुलासा करते तेच खरे कारण समजावे. एकाही नोंदीशी ते विसंगत असेल तर शोध चालू ठेवावा. तसेच दोष आपोआप नाहीसा झाल्यास तो दुरुस्त झाला असे मानू नये. त्याच कामावर, तितक्याच ओझ्याने दुप्पट वेळ चालवून मगच खात्री बाळगावी.

पेट्रोल इंजिनाविषयी दोन शब्द

फवारणी पंप, मोटारसायकल किंवा जुनी जीप यांच्या पेट्रोल इंजिनालाही हीच पद्धत लागू पडते. फक्त तेथे ठिणगीची भर पडते. तापल्यावर इंजिन बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर बंद पडताच ठिणगी आहे की नाही हे पाहावे. ठिणगी नसल्यास कॉइल किंवा कंडेन्सर उष्णतेने दगा देत असावा. ठिणगी चांगली असल्यास टाकीचे झाकण, नळी व कार्ब्युरेटर या क्रमाने जावे.

दोष येऊच नये म्हणून

डिझेल बंद झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, सावलीत साठवावे. पिंप किंचित तिरपे ठेवून तळाचे डिझेल वापरू नये, कारण पाणी व गाळ तेथेच बसतो. टाकीत ओतताना बारीक जाळीची गाळणी वापरावी. सुटे धागे असलेले फडके वापरू नये. दिवसाचे काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दमट हवेचे पाणी होते व त्यानेच टाकी गंजते. हंगाम सुरू होण्यापूर्वी टाकी, वायसर व रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. ऐन वाफशात तपासणीला वेळ मिळत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र बोलावून एका जुन्या ट्रॅक्टरवर हवा काढणे, पाणी सोडणे व झाकणाची परीक्षा या तीन गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. चालकाच्या हातून त्या करून घेतल्याखेरीज कार्यक्रम पुरा झाला असे समजू नये. अधिक मार्गदर्शनासाठी जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधावा.

उजळणीसाठी प्रश्न

१. ट्रॅक्टर मंदावतो पण इंजिनाचा आवाज चढतो. दोष कोठे शोधाल?
२. शक्ती जाताना काळा धूर येणे व धूर विरळ होणे, यांवरून कोणते दोन निराळे निष्कर्ष निघतात?
३. कोठेही डिझेल गळत नसताना नळीत हवा कशी शिरते?
४. वेगळ्या डब्यावर इंजिन ठीक चालले तर कोणते भाग तपासाल व कोणते सोडून द्याल?
५. दोष आपोआप नाहीसा झाला, तर खात्री कशी कराल?